एन. आठल्ये यांचा उल्लेख नाही

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं, की माझ्या नोकरीत लिहिण्यासारखं काही घडलं नाही. मी लायब्ररीत होते. संपादक तरुण आहेत, पुण्याचे, आयटीतले. ते म्हणाले, "काकू, तेच लिहा ना. डॉक्टर लोकांचे एक्स्पीरिअन्सेस आपण दरवर्षीच छापतो यार, लायब्ररीवाल्यांचं कुणी वाचलंच नाहीये." ‘यार’ बहुधा सवयीने आलं असावं. मी ते मनावर घेतलं नाही आणि लिहायला बसले.

शॉमबर्गहून रोज ड्राइव्ह करून मी एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत जायची. मंडळातल्या निम्म्या लोकांची अशी समजूत होती, की मी पेशंटच्या खोल्यांतून मासिकं वाटत फिरते. एका काकूंनी तर मला जुन्या पाककृतींच्या अंकांचा गठ्ठा आणून दिला होता, पेशंटना वाचायला म्हणून. मी तो घरी ठेवून घेतला, त्यातला चिरोट्याचा प्रकार चांगला आहे.

खरं काम दोन प्रकारचं होतं. डॉक्टरांना एखाद्या आजारावर आजवर काय काय छापून आलंय ते शोधून द्यायचं, हे पहिलं. दुसरं काम पुढे पुढे फार वाढलं. कोणत्या डॉक्टरने किती संशोधन छापलं आणि त्याची जगाने किती दखल घेतली, हे मोजून द्यायचं. या दखलीला सायटेशन म्हणतात. तुम्ही एक शोधनिबंध लिहिलात. पुढे दुसऱ्या कुणी लिहिताना ‘हे अमक्यांनी आधीच दाखवलं आहे’ असं म्हटलं आणि शेवटच्या संदर्भयादीत तुमचा निबंध नोंदवला, की तुमचं एक सायटेशन झालं. हळदीकुंकवाला कुणी म्हणालं, ‘ही वडी मी लिमयेकाकूंकडून शिकले’, की लिमयेकाकूंना जे वाटतं, तेच या डॉक्टरांना वाटतं. फरक इतकाच, की लिमयेकाकूंची त्यावर बढती ठरत नाही.

यावरून एक निर्देशांकही काढतात. तुमचे दहा निबंध असे असतील, की प्रत्येकाचा उल्लेख निदान दहा वेळा झालाय, तर तुमचा आकडा दहा. वीस हवा असेल तर वीस निबंध, प्रत्येकी वीस उल्लेख. हिशोब शाळेतल्या मुलालाही जमेल असा आहे, पण त्यापायी भलीभली माणसं माझ्या टेबलाशी येऊन शाळकरी झालेली मी पाहिली आहेत. आमचे एक सर्जन दर शुक्रवारी येता-जाता विचारायचे, "अपर्णा, माझा आकडा काय म्हणतो?" जसं काही मी त्यांचं ब्लडप्रेशर घेणार होते. आकडा आठवड्यात हलत नाही हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. मग मी नुसतं "छान आहे" म्हणायला लागले आणि ते खूश होऊन ऑपरेशनला जायचे.

दुसऱ्या एका गृहस्थांचा एकच निबंध होता, पण त्याची सायटेशन्स उदंड. मी कौतुकाने उघडून पाहिलं तर प्रत्येकाने त्यांचं म्हणणं कसं चुकीचं होतं हे सांगण्यासाठी उल्लेख केलेला. मी ते जपून, आडून आडून त्यांच्या कानावर घातलं. ते शांतपणे म्हणाले, "तरी वाचलं ना सगळ्यांनी?"

आणि आमचे कोल्हापूरकडचे डॉक्टर पाटील, हृदयरोगाचे. कॉम्प्युटर लेखकाचं नाव बघून निबंध गोळा करतो, त्याला माणूस कळत नाही. एस. पाटील नावाच्या संशोधकांनी पृथ्वी भरलेली आहे. त्यामुळे आमच्या पाटलांच्या खात्यावर म्हशींच्या कासेच्या रोगावरचे बरेच निबंध जमा झाले होते आणि चांगले गाजलेलेही होते. ते काढून टाकावे लागतील असं मी म्हटल्यावर पाटील म्हणाले, "काकू, राहू द्या की. कोण बघतंय? आणि म्हशींशी आमच्या घरचा जुना संबंध आहे." मी म्हशी काढल्या. त्यांचा आकडा धाडकन खाली आला आणि पुढचे काही आठवडे ते माझ्याकडे न बघता लिफ्टमध्ये शिरायचे. नंतर स्वतःच्या जोरावर त्यांनी तो भरून काढला आणि पेढे घेऊन आले, हेही सांगायला हवं.

पुरुषांच्या बाबतीत माझं काम असं जास्तीचं काढून टाकायचं असायचं. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत नेमकं उलट. त्यांचं हरवलेलं शोधायला लागायचं.

का, ते वाचकांपैकी बायकांना सांगायला नको. मी स्वतः नागपूरची कुंदा खानझोडे. लग्नात यांनी ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीने ‘अपर्णा’ असं लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि मी अपर्णा देशकर झाले. मला नाव आवडलं होतं, तक्रार काही नव्हती. आई मात्र शेवटपर्यंत कुंदाच म्हणायची. ती गेल्यावर ते नाव कुणी घेतलं नाही. मी पुस्तकं दुसऱ्यांना देणारी बाई, माझ्या नावावाचून कुणाचं अडत नव्हतं. पण जिने लग्नाआधी संशोधन छापलेलं असतं, तिचं लग्नानंतर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव तिन्ही बदलली, की कॉम्प्युटरच्या लेखी ती पहिली बाई लिहायची थांबते आणि दुसरीच कुणीतरी लिहायला लागते.

डॉक्टर मैत्रेयी दामले आमच्या कॉलेजात नवजात बाळांच्या डॉक्टर. मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयातून अमेरिकेत आलेल्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना मैत्रेयीताई म्हणायची. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना ऊब कशी द्यायची, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. बाई अत्यंत हुशार आणि स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की पदराआड गेल्यासारख्या. गुरुवारी त्यांचा क्लिनिकचा दिवस नसायचा, तेव्हा त्या डबा घेऊन लायब्ररीच्या मागच्या खोलीत माझ्याबरोबर जेवायला यायच्या.

त्या कितीतरी वर्षं असोसिएट प्रोफेसर होत्या. एकदा प्रोफेसरपदासाठी फाइल गेली होती, ती नामंजूर होऊन परत आली. पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायचं त्यांनी ठरवलं होतं, म्हणजे आता पाठवायची ती शेवटची फाइल. "अपर्णा, पाटीवर काय लिहिलंय त्याचं मला काही नाही गं," त्या मला म्हणाल्या, "पण इतकी वर्षं मी केलं ते खरोखर काही काम होतं की नुसती नोकरी, एवढं कुणीतरी सांगायला हवं." असं त्या पहिल्यांदाच बोलल्या. मी त्यांची फाइल माझ्याकडे घेतली.

आधीच्या नकारामागची कारणं त्यांना लेखी कळवलेली होती. बाहेरच्या विद्यापीठांतले तज्ज्ञ अशा फाइलवर मत देतात, त्यांची नावं झाकून मजकूर उमेदवाराला दाखवतात. त्यांतल्या एकाने फार कडक लिहिलं होतं. काम नीटनेटकं आहे, पण जगावर त्याचा प्रभाव पडलेला दिसत नाही. शिवाय या विषयाचा पाया ज्यांनी घातला, त्या एन. आठल्ये यांच्या निबंधाचा उमेदवाराने आपल्या एकाही लेखात उल्लेख केलेला नाही. ज्यांच्या खांद्यावर आपण उभे आहोत त्यांची नोंद घेण्याचं सौजन्य अपेक्षित होतं.

मी शोध घेतला. तज्ज्ञाचं म्हणणं खरं होतं. बाळांच्या उबेवर कुठल्याही देशात कुणीही लिहो, संदर्भयादीत आठल्येंचं नाव असायचंच. भारतातल्या एका नियतकालिकातला जुना निबंध, मी त्याची प्रत मागवून वाचली, तेव्हा लिहिणारी बाई आहे हे कळलं. साध्या भाषेत, साध्या साधनांनी केलेलं काम, आईच्या अंगाशी बाळ कसं ठेवायचं याची चित्रं हाताने काढलेली. आणि मैत्रेयीताईंच्या सगळ्या निबंधांत जगातल्या सगळ्यांचे उल्लेख होते, फक्त या बाईंचा नव्हता.

मला वाटलं, काही भांडण असेल. आपल्या लोकांत ते असतंच. गुरुवारी जेवताना मी हळूच विषय काढला.

"ताई, तुम्ही सगळ्यांना साइट करता. या आठल्येबाईंना का टाळता? काही वाद झाला होता का?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"अगं, आठल्ये म्हणजे मीच. नलिनी आठल्ये. लग्नाच्या आधीची."

मला आधी हसू आलं. त्यांनाही आलं. ज्या बाईचा मान राखला नाही म्हणून त्यांना नाकारलं होतं, ती बाई समोर बसून भेंडीची भाजी खात होती. मग मात्र मला फार वाईट वाटलं आणि रागही आला, नक्की कुणाचा ते कळेना.

"पण मग सीव्हीत का नाही घातलंत?"

त्यांनी सांगितलं ते आमच्या पिढीच्या बायकांना लगेच कळेल. त्या अमेरिकेत आल्या तेव्हा इथे एक काका होते, सगळे त्यांना फॉर्मवाले काका म्हणायचे. व्हिसा, लायसन्स, ग्रीन कार्ड, नवीन आलेल्या प्रत्येकाचे कागद ते भरून द्यायचे, चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत. त्यांनी ताईंना बजावलं होतं, की डिग्रीवरचं जुनं नाव लायसन्सपुरतं गॅझेटची प्रत दाखवून एकदा मिटवून टाक आणि मग ते तोंडातून काढू नकोस. पासपोर्टवर एक नाव, कागदावर तेच नाव. दुसरं नाव दिसलं, की फाइल अडकली. तेव्हा आम्ही सगळेच घाबरलेले असायचो आणि काकांचा शब्द म्हणजे कायदा. ताईंनी सीव्हीतून नलिनी काढून टाकली. नागरिकत्व मिळालं, मुलं मोठी झाली, पण ती परत आत आली नाही.

"आणि लेखात उल्लेख?"

"तो कसा करायचा, सांग. आठल्येबाईंनी असं दाखवलं आहे, असं परक्यासारखं लिहायचं म्हणजे खोटं वाटायचं. आणि मी दाखवलं आहे म्हणायचं, तर सगळी कथा सांगावी लागणार. म्हणून मी तिला सोडूनच दिलं."

मी म्हटलं, आताच्या फाइलमध्ये ते घालू. त्यांनी साफ नकार दिला. इतकी वर्षं दुसरं नाव लपवलं असं लोक म्हणतील, निवृत्तीच्या तोंडावर चौकशी नको, आहे ती फाइल जाऊ दे. फाइल बंद व्हायला आठवडा होता आणि तशीच गेली तर ती पुन्हा नाकारली जाणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दार श्रीकांतरावांनी उघडलं, ताईंचे यजमान, निवृत्त इंजिनिअर, बोलघेवडा माणूस. मी ठरवून त्यांच्यासमोरच विषय काढला. ताई माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. श्रीकांतरावांना यातलं काही माहीत नव्हतं. बायकोचा तो निबंध गाजलेला आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण तो तिच्या नावावर नाही हे त्यांनी त्या दिवशी ऐकलं. ते उठून आत गेले आणि लग्नाचा अल्बम घेऊन आले.

त्यात ताम्हणाचा फोटो होता. तांदळांवर कोरलेलं ‘मैत्रेयी’ स्वच्छ वाचता येत होतं, कडेला अंगठी धरलेला एक तरुण हात.

"नाव बदलायचं हे आईचं," श्रीकांतराव म्हणाले, "पण नाव निवडलं मी. बायको एवढी शिकलेली, तर नावही विदुषीचं पाहिजे म्हणून. आता बघा, विदुषीचं नाव दिलं आणि विद्वत्ता काढून घेतली."

"अहो, तुम्ही नका लावून घेऊ मनाला," ताई म्हणाल्या.

"मी लावून घेतो, ते माझं मी बघेन. पण तू घाबरतेस कुणाला? इमिग्रेशनला? ते फॉर्मवाले काका जाऊनसुद्धा जमाना झाला. तुझी फाइल अडकलीय ती त्या नावामुळे नाही, ते नसल्यामुळे."

ताई उठल्या. आत जाऊन त्यांनी चहा केला. कप माझ्या हातात देताना म्हणाल्या, "गॅझेटची प्रत मराठीत आहे. भाषांतर तुलाच करावं लागेल."

सोमवारी मी ते घेऊन डोनाकडे गेले. बढतीच्या सगळ्या फाइली या डोनाच्या हातून जातात, नियमांना पक्की बाई. तिने भाषांतर वाचलं आणि म्हणाली, "लग्नात आडनाव बदलतं ते मला कळतं, माझं दोनदा बदललंय. पण पहिलं नाव का बदललं?"

मी फोनवरचा ताम्हणाचा फोटो तिला दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला.

"तांदळात लिहितात?"

"हो."

"आणि मग त्या तांदळांचं काय करता?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "बहुतेक शिजवतात," मी म्हटलं.

डोना खुर्चीत मागे टेकली आणि मोठ्याने हसली. मग म्हणाली, "याला कुणी लपवणं म्हणणार नाही. आणि म्हणालंच, तर माझ्याकडे पाठव." फाइलला तिने स्वतःची एक टीप जोडली आणि आपणहून तो फोटोही जोडला. आमच्या कॉलेजच्या बढतीच्या फाइलींत तांदळाचा तो एकच फोटो असावा.

उरलं ते माझं काम. लेखकांची दोन खाती एकत्र करायची असतील, तर कॉम्प्युटर शेवटी एक प्रश्न विचारतो. या दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का? खाली ‘होय’चं बटण. अशी बटणं मी नोकरीत रोज दाबली होती. हे मला दाबवेना. मी ताईंना फोन करून बोलावलं. त्या कोट घातलेल्याच खाली आल्या, माझ्या खुर्चीत बसल्या, प्रश्न वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. डाव्या बाजूला एन. आठल्ये, उजव्या बाजूला एम. दामले. त्यांनी बटण दाबलं आणि आम्ही दोघी काय होतंय ते बघत बसलो. काहीच झालं नाही. नोंद बदलायला काही दिवस लागतात हे मला माहीत होतं, पण त्या वेळी मीही विसरले होते.

ताई म्हणाल्या, "मला वाटलं घंटाबिंटा वाजेल." आणि मग त्यांचे डोळे भरून आले. "अपर्णा, ती पोरगी एकटीच राहिली होती गं तिकडे." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मलाही रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

फाइल गेली. योगायोगाने ती त्याच कडक तज्ज्ञाकडेही गेली असावी, कारण एका अभिप्रायात लिहिलं होतं, की मागच्या वेळचा आक्षेप मी मागे घेतो, मात्र उमेदवाराने यापुढे आठल्ये यांचा उल्लेख करण्यात संकोच करू नये. वसंतात प्रोफेसरपद मंजूर झालं. केक आणला होता, त्यावर काय नाव घालायचं असं डोनाने विचारलं तेव्हा ताईंनी पूर्ण नाव सांगितलं, नलिनी मैत्रेयी दामले. केक छोटा होता, दामले कडेला घसरलं. श्रीकांतराव म्हणाले, ठीक आहे, आमचं आडनाव थोडं पडलं तरी चालेल. आणि उन्हाळ्यात निवृत्त होणाऱ्या बाई झाल्याच नाहीत, अजून काम करताहेत.

त्यानंतर मी मुद्दाम अशा बायका शोधायला लागले. काही सापडल्या. बऱ्याच सापडल्या नसणार, कारण त्यांनी स्वतःच स्वतःला सोडून दिलेलं होतं आणि त्यांच्याबरोबर डबा खायला मी नव्हते. त्याची रुखरुख आहे. बाकी नोकरीबद्दल माझी तक्रार नाही. कुणाला बरं करायचं शिक्षण मला नव्हतं, पण ज्याचं काम त्याच्या नावावर पोचवणं हेही काही वाईट काम नाही.

माझ्या निरोपाच्या जेवणात मैत्रेयीताई शेजारी बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "तुझं माहेरचं नाव काय गं? कधी विचारलंच नाही."

"कुंदा. कुंदा खानझोडे."

"काही लिहिलं होतंस तेव्हा?"

मी म्हटलं, नागपूरला कॉलेजच्या वार्षिकात एक लेख आला होता, लोक वाचनालयाच्या पुस्तकांत खुणेसाठी काय काय ठेवतात यावर. मोरपीस, बसचं तिकीट, एकदा तर पापड.

"मग तुझंही खातं दोन नावांत फुटलेलंच आहे की, कुंदा," त्या म्हणाल्या आणि पुढ्यातलं श्रीखंड वाढून घेतलं. त्या सहज म्हणाल्या, पण आईनंतर त्या नावाने मला पहिल्यांदाच कुणी हाक मारली होती.

तर या लेखासकट माझे प्रकाशित लेख दोन. सायटेशन अजून एकही नाही, पण मैत्रेयीताईंनी पुढच्या निबंधात कुठेतरी पापड बसवायचं कबूल केलं आहे. लेखाखाली नाव काय छापायचं, असं संपादकांनी विचारलं होतं. दोन्ही लेख एकाच बाईचे आहेत, अशी नोंद असावी.

— कुंदा अपर्णा देशकर, शॉमबर्ग